औषध आणि ‘औषध’: पिंपळगावच्या एका बागायतदाराला उत्तर

प्रश्न विचारणारे पिंपळगाव बसवंतकडचे द्राक्ष बागायतदार आहेत. मुलगी नाशिकला बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे टॉक्सिकॉलॉजी करायचं म्हणते. वडिलांचं म्हणणं थोडक्यात असं: “विषशास्त्राचा आणि माणसाच्या औषधाचा संबंध काय? आमच्या फवारणीच्या डब्यावर लाल-पिवळा त्रिकोण असतो, तसा गोळ्यांच्या पाकिटावर का नसतो? आणि सगळं आधी प्राण्यांवर तपासलेलं असतं, तर औषधं मागे का घ्यावी लागतात, पोरं सिरप पिऊन का दगावतात?”

मी चोवीस वर्षं हेच काम करते. त्यातली बरीचशी प्रयोगशाळेत गेली, आता गंगापूर रोडला घरी बसून कंपन्यांच्या फायली तपासते. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक शब्द. तुमच्या घरात ‘औषध मारायचं राहिलंय’ म्हटलं की ते बागेवर मारायचं असतं. ‘औषध घेतलं का?’ हे आजीला विचारलेलं असतं. आणि ‘त्यानं औषध पिलं’ असं कोणी रात्री फोनवर सांगितलं, तर गाडी काढून सिव्हिलला पळायचं असतं. तिन्ही वेळा शब्द एकच आणि कोणाचा कधी गोंधळ होत नाही. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस नावाचा स्विस वैद्य सांगून गेला की प्रत्येक पदार्थ विषच असतो, तो विष ठरतो की नाही हे प्रमाणावर अवलंबून. आमच्या अभ्यासक्रमाची सुरुवात याच वाक्याने होते. आपल्याकडे तर ‘मात्रा’ म्हणजे प्रमाणही आणि उगाळून द्यायचं औषधही. म्हणजे भाषेने हा धडा आधीच गिरवलेला आहे.

वॉरफरिनचं उदाहरण घ्या. १९४८ मध्ये ते उंदीर मारायला म्हणून विक्रीला आलं आणि १९५४ मध्ये माणसाचं रक्त पातळ ठेवायला मंजूर झालं. रेणू तोच. ज्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे असे किती तरी लोक आज ते रोज घेतात आणि ठरावीक दिवसांनी पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासून मात्रा कमी-जास्त करून घेतात. उंदराला मारायचं ते रक्तस्राव करून आणि माणसाला वाचवायचं ते गुठळी होऊ न देऊन. काम एकच, प्रमाण वेगळं.

आता तुमचा त्रिकोण. त्याचा रंग मुख्यतः एका आकड्यावरून ठरतो. जनावरांच्या एका गटाला जो डोस दिला तर निम्मी मरतील, तो डोस. आम्ही त्याला एलडी-५० म्हणतो, १९२७ मध्ये ट्रेव्हन या इंग्रज शास्त्रज्ञाने ही पद्धत मांडली. तोंडावाटे किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५,००० पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. या हिशेबाने स्वयंपाकघरातल्या मिठाला निळा त्रिकोण मिळेल आणि चहातल्या शुद्ध कॅफिनला पिवळा. फवारणी करणाऱ्या माणसाच्या अंगावर डबा सांडला तर काय, एवढ्यापुरता हा रंग कामाचा आहे. माणसाच्या औषधाला तो अगदीच तोकडा पडतो, कारण औषध अंगावर सांडत नाही. ते रोज, मोजून, महिनोन्‌महिने पोटात जातं.

तोकडा म्हणजे किती, ते थॅलिडोमाइडने दाखवलं. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत झोपेची गोळी म्हणून ते बाजारात आलं. कंपनीने उंदरांना भरमसाट डोस दिले तरी उंदीर मरेनात. मारण्याइतका डोसच सापडेना. म्हणजे त्रिकोण हिरवागार. म्हणून ‘अत्यंत निर्धोक’ असा प्रचार झाला आणि गरोदर बायकांना मळमळीवरही ते दिलं गेलं. १९६१ च्या नोव्हेंबरात ते जर्मनीत मागे घेईपर्यंत जगभरात दहा हजारांहून जास्त मुलं हात-पाय आखूड किंवा नसलेली अशी जन्मली होती. उंदीर मेला का, एवढंच विचारलं होतं. पोटातल्या गर्भाचं काय, हे विचारलंच नव्हतं. पुढे तेच औषध गाभण रॅटना, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदरांना, देऊन पाहिलं तर रॅटची पिल्लं बहुतेक धडधाकट निघाली, सशाच्या पिल्लांत मात्र व्यंग दिसलं. म्हणून आज नव्या औषधाचा गर्भावरचा अभ्यास सहसा रॅट आणि ससा अशा दोन्हींत होतो. आणि गंमत पाहा, थॅलिडोमाइड संपलं नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये कुष्ठरोगातल्या एका प्रकारच्या तीव्र दाहासाठी आणि २००६ मध्ये मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी ते कडक अटींवर मंजूर झालं.

तर टॉक्सिकॉलॉजिस्ट काय करतो? ‘हे औषध सुरक्षित आहे’ असं प्रमाणपत्र तो देत नाही. मी तरी कुठल्याच अहवालात तसं लिहिलेलं नाही. आम्ही अंतर मोजतो. औषध ज्या मात्रेला गुण देतं ती मात्रा आणि ज्या मात्रेला पहिली इजा दिसते ती मात्रा, यांत अंतर किती? पहिली इजा कुठे होते, यकृतात, मूत्रपिंडात की मज्जेत? औषध थांबवलं तर ती भरून येते का? आणि तिची चाहूल रक्त-लघवीत आधी लागते का, की लक्षण दिसेपर्यंत उशीर झालेला असतो? या चार प्रश्नांची उत्तरं हातात असतील तर डॉक्टर विषारी औषधही निर्धास्त वापरतो. कर्करोगाची बहुतेक जुनी औषधं तशीच तर आहेत.

हे अंतर कसं मोजतात ते नीट सांगते, कारण तुमच्या मुलीचे दिवस यातच जाणार आहेत.

नव्वद दिवसांचा एक ठरलेला अभ्यास असतो. ऐंशी रॅट, चार गट. एका गटाला नुसतं पाणी किंवा ज्यात औषध कालवलं ते द्रव, बाकी तिघांना कमी, मध्यम आणि जास्त डोस. प्रत्येक गटात दहा नर, दहा माद्या. रोज सकाळी ठरल्या वेळी नळीने थेट पोटात डोस. आठवड्याला वजन, किती खाल्लं त्याची नोंद. शेवटी शवविच्छेदन. त्या दिवशी खोलीत फॉर्मॅलिनचा वास डोळ्यांत चुरचुरतो आणि बोलणं जवळजवळ नसतं. एक जण कापतो, एक जण वजन करतो, एक जण लिहितो. यकृत दहा-बारा ग्रॅमचं, ओलं, गुळगुळीत. ते टिपकागदावर टेकवून मगच तराजूवर ठेवायचं, नाहीतर पाण्याचंच वजन येतं. मूत्रपिंडं जेमतेम ग्रॅम-ग्रॅमची. डावं उभं कापायचं, उजवं आडवं, म्हणजे पुढे स्लाइडवर लेबल न वाचताही कुठलं ते कळतं. अशा चाळीसेक अवयवांचे तुकडे एका जनावराचे. मग ते मेणात बसवून, पाच मायक्रॉनच्या चकत्या काढून, रंगवून पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर जातात. आमच्या क्षेत्रातले पॅथॉलॉजिस्ट बहुधा पशुवैद्यक असतात आणि ज्यांच्या हाताखाली मी शिकले ते संशयाची स्लाइड आली की गटाचा नंबर झाकून पुन्हा पाहायचे. जास्त डोसचा गट आहे हे माहीत असलं की डोळ्यांना नसलेलंही दिसतं, हे ते स्वतःबद्दलच कबूल करत.

खरी डोकेफोड पुढे आहे. समजा जास्त डोसच्या रॅटचं यकृत वजनाने वाढलंय आणि शिरेभोवतीच्या पेशी फुगल्यात. ही इजा की नुसती जुळवणी? यकृताला नवं काम पडलं की ते एन्झाइम वाढवतं आणि आकाराने मोठं होतं, तालमीत जाणाऱ्या पोराचे दंड फुगतात तसं. सोबत पेशी मेलेल्या दिसल्या, यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात उतरणारं एएलटी हे एन्झाइम चढलं, तर इजा. नुसतं फुगणं असेल तर बहुधा जुळवणी. नर रॅटच्या मूत्रपिंडात एक प्रथिन साठून इजा होते, ती मादीत होत नाही आणि माणसात ते प्रथिनच नाही. तिथे ती इजा माणसाला लागू नाही असं लिहावं लागतं आणि का नाही ते सिद्ध करावं लागतं. यंत्र आकडा देतं. आकड्याचा अर्थ लावायला माणूस लागतो आणि पगार त्याचाच मिळतो.

यातून ‘ज्या डोसला अपाय दिसला नाही’ असा सर्वांत मोठा डोस हाती येतो. समजा रॅटमध्ये तो किलोमागे ५० मिलिग्रॅम निघाला. तो थेट माणसाला लावत नाहीत, कारण लहान प्राण्याचं शरीर औषध भरभर जाळतं. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने रॅटच्या डोसला ६.२ ने भागतात, म्हणजे साधारण ८. त्याला आणखी १० ने भागायचं, कारण माणूस म्हणजे रॅट नव्हे आणि सगळी माणसंही सारखी नव्हेत. उरले ०.८. साठ किलोच्या निरोगी स्वयंसेवकाला पहिला डोस ४८ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. हे एका प्राण्यावरून झालं. दुसरा न-कृंतक, म्हणजे उंदरासारखा कुरतडणारा नसलेला प्राणी, बहुधा कुत्रा, त्याचा हिशेब वेगळा करायचा आणि दोन्हींतला जो आकडा कमी तो धरायचा.

हा हिशेब तुम्हाला परका वाटू नये. तुमच्या द्राक्षांचा एमआरएल, म्हणजे फळात फवारणीचा अंश जास्तीत जास्त किती चालेल ती मर्यादा, ज्या रोजच्या सेवनमर्यादेशी ताडून पाहतात, तीही अशाच जनावरांच्या अभ्यासातून, बहुतेक वेळा १०० ने भागून काढलेली असते. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या, म्हणजे वेलीची वाढ आवरणाऱ्या तुमच्या सीसीसीच्या, फळात उरलेल्या अंशावरून युरोपात कंटेनर अडकले तेव्हा आपल्या भागात काय हाहाकार झाला तो तुम्ही पाहिलाय. त्या अडवणुकीच्या मुळाशीही कुठल्या तरी प्रयोगशाळेतली अशीच रॅटची किंवा कुत्र्याची वही असते.

वही खोटी निघाली तर? १९७० च्या दशकात अमेरिकेत एका मोठ्या चाचणी प्रयोगशाळेचे अहवाल बनावट निघाले, तेव्हापासून ‘जीएलपी’ (गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस) नावाची शिस्त आली. प्रत्येक नोंद सहीनिशी, खाडाखोड एका रेघेने, खालचं वाचता येईल अशी. आपल्याकडे तिची राष्ट्रीय यंत्रणा आहे आणि २०११ पासून भारतातल्या प्रमाणित प्रयोगशाळेचा अभ्यास ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेतल्या देशांत ग्राह्य धरतात. ही शिस्त कंटाळवाणी वाटते. तिचं मोल मला स्वतःच्या चुकीतून कळलं.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका अभ्यासाची पिंजऱ्यांची मांडणी माझ्याकडे होती. मी सोयीसाठी गट ओळीने लावले. नुसत्या द्रवाचा गट सगळ्यात खाली, जास्त डोसचा सगळ्यात वर. शेवटी डोळे तपासले तर जास्त डोसच्या रॅटचा पडदा पातळ झालेला. कमी डोसला काही नाही, मध्यमला थोडं, जास्तला स्पष्ट. पुस्तकात शिकवतात तसा नमुनेदार चढता आलेख. औषध डोळ्याला घातक, असं म्हणून तो रेणू गुंडाळायच्या बेतात होते सगळे. मग आमच्या त्या पॅथॉलॉजिस्टनी रॅकची नोंदवही मागितली. पांढऱ्या रॅटच्या डोळ्यात रंगद्रव्य नसतं, त्यामुळे नुसत्या उजेडानेही पडदा झिजतो आणि सगळ्यात वरची ओळ ट्यूबलाइटखाली होती. जागा दर आठवड्याला फिरवून अभ्यास पुन्हा केला, डोळे ठणठणीत. तीन महिने, ऐंशी जनावरं आणि बराच पैसा माझ्या त्या सोयीपायी गेला. वहीत मांडणी लिहिलेली नसती तर ते कळलंही नसतं. अजूनही कुठल्याही अहवालात मी आधी पिंजऱ्यांची मांडणी शोधते.

आता तुमचा मुख्य सवाल: तपासूनही चुकतं का? चुकतं. प्राणी म्हणजे माणूस नव्हे, हे एक कारण. १९९३ मध्ये फायालुरिडीन हे काविळीच्या बी विषाणूवरचं औषध पंधरा रुग्णांवर तपासत होते. प्राण्यांत यकृताचं काही दिसलं नव्हतं. इथे सात जणांची यकृतं निकामी झाली, त्यांतले पाच दगावले, दोघे यकृत बदलून वाचले. पुढे कळलं की औषधाला पेशीतल्या ऊर्जेच्या कोठारात, मायटोकॉन्ड्रियात, नेणारा दरवाजा माणसात आहे आणि उंदरात तो तसा चालत नाही. २००६ च्या मार्चमध्ये लंडनला टीजीएन-१४१२ नावाचं प्रतिपिंड सहा निरोगी तरुणांना दिलं. माकडांना चाललेल्या डोसच्या पाचशेव्या भागाएवढं. पण काही मिनिटांच्या अंतराने सगळ्यांना ओळीने दिलं आणि दीड तासाच्या आत सगळे तडफडू लागले. सगळे वाचले, पण अतिदक्षता विभागात जाऊन. त्यानंतर अशा चाचण्यांत आधी एकाच माणसाला देऊन थांबायचं, अशी पद्धत रुळली. खरं तर हे अगदी साधं शहाणपण आहे. नवी फवारणी आपण आधी चार वेलींवर मारून बघतोच की.

पण प्राण्या-प्राण्यांतला फरक समजायला लंडनला जायची गरज नाही. अंजनेरीला जा. तिथल्या कड्यावर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. १९९० च्या दशकात भारतातली गिधाडं भराभर मरायला लागली, पांढऱ्या पाठीच्या जातीत तर शंभरातली नव्व्याण्णव गेली. विषाणू असेल, कीटकनाशक असेल, असे तर्क चालले. २००४ मध्ये पाकिस्तानात काम करणाऱ्या एका गटाने कारण दाखवलं: डायक्लोफिनॅक. तुमचे गुडघे दुखले की मेडिकलवाला देतो ते. गायी-म्हशींना तापाला, सुजेला त्याचं इंजेक्शन द्यायचे. जनावराला काही अपाय होत नसे. पण इंजेक्शन दिल्यावर ते लवकरच मेलं आणि गिधाडाने खाल्लं, तर गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडत. आतले अवयव युरिक आम्लाच्या पांढऱ्या खड्यांनी माखलेले सापडत, खडू फासल्यासारखे. गिधाडाला मारणारा डोस किलोमागे मिलिग्रॅमचा एक-दोन दशांश. म्हणजे माणसाची ५० मिलिग्रॅमची एक गोळी कित्येक गिधाडांना पुरते. त्रिकोण लावायचा तर माणसाला एक रंग आणि गिधाडाला भडक लाल. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बंद केलं, मेलोक्सिकॅम हा गिधाडांना चालणारा पर्याय मिळाला आणि २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅकही जनावरांसाठी बंद झालं. हरसूलकडे खोरीपाड्याला वनखातं आणि गावकरी गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवतात, लोक त्याला गिधाडांचं हॉटेल म्हणतात. टॉक्सिकॉलॉजी म्हणजे काय हे मुलीला दाखवायचं असेल तर एक रविवार तिकडे काढा.

दुसरं कारण असं की औषध एकटं पोटात जात नाही. टर्फेनाडिन हे सर्दी-ॲलर्जीचं औषध चांगलं होतं. यकृत ते जवळजवळ सगळं फोडून टाकायचं. पण सोबत बुरशीवरचं केटोकोनॅझोल किंवा एरिथ्रोमायसिन घेतलं की यकृताचं ते एन्झाइम अडायचं, अख्खं टर्फेनाडिन रक्तात साठायचं आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडायची. काही लोक गेले, १९९० च्या दशकाच्या शेवटी ते अमेरिकेत बाजारातून गेलं. लय बिघडली ती हृदयपेशीतली पोटॅशियमची एक वाट अडल्यामुळे. आज कुठलाही नवा रेणू ती वाट अडवतो का, हे माणसाला देण्याआधी तपासतात.

याचा भाऊबंद तुमच्या बागेतच आहे. गोडी छाटणीनंतर काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून मजूर हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात आणि संध्याकाळी कोणी दारू प्यायला तर त्याचा चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. दारू पचताना मधे जो ॲसिटाल्डिहाइड तयार होतो त्याला पुढे नेणारं एन्झाइम ते रसायन बंद करतं. हेच सायनामाइड काही देशांत दारू सोडवण्याचं औषध म्हणून वापरलंय. पुन्हा तेच, ‘औषध’ आणि औषध. पेस्टच्या दिवसांत मजुरांना हे स्पष्ट सांगत जा, नुसते हातमोजे देऊन भागत नाही.

तिसरं कारण सगळ्यात चीड आणणारं. सिरप. इथे मी हात झटकणार नाही, पण दोष कुठे आहे ते स्वच्छ सांगते. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड हे जंतूंवरचं औषध पातळ करायला एका कंपनीने डायइथिलीन ग्लायकॉल वापरलं. गोड, घट्ट, रास्पबेरीचा वास घातलेलं. प्राण्याला एकदा पाजूनही पाहिलं नव्हतं. शंभराहून जास्त माणसं गेली, त्यांत बरीच मुलं. त्या वेळच्या कायद्यात औषध विषारी आहे म्हणून जप्त करायची तरतूदच नव्हती, ‘एलिक्सिर’ म्हणता आणि त्यात अल्कोहोल नाही, या नावाच्या चुकीवरून बाटल्या जप्त केल्या. १९३८ मध्ये कायदा बदलला. त्या तपासात शिकागोला काम करणारी एक विद्यार्थिनी, फ्रान्सिस केल्सी, पुढे अमेरिकेच्या औषध खात्यात गेली आणि १९६० मध्ये थॅलिडोमाइडची फाइल तिच्याच टेबलावर आली. कंपनीच्या दबावाला न जुमानता तिने ती मंजूर केली नाही.

पण धडा आपल्याकडे पोचायला किती वेळ लागावा? १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये तेच डायइथिलीन ग्लायकॉल निघालं, चौदा रुग्ण गेले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. २०२२ मध्ये गांबियात सत्तरच्या आसपास मुलं गेली. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची वीसहून जास्त लेकरं खोकल्याच्या सिरपने गेली, काहींना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं. मर्यादा ०.१ टक्के, त्या सिरपच्या तपासणीत निघालं ४८.६ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्मी बाटली. या पदार्थाचं विषशास्त्र १९३७ पासून जगाला ठाऊक आहे. शरीरात त्याचं आम्ल बनतं, ते मूत्रपिंडाच्या नलिका जाळतं आणि मुलाची लघवी बंद होते. यात शोधायचं काही उरलेलं नाही. कच्च्या मालाचा ड्रम फोडल्यावर त्यातला नमुना तपासायचा, इतकंच काम होतं. ते न करणाऱ्यांसाठी माझ्याकडे छापण्याजोगा शब्द नाही.

अंबड-सातपूरच्या औषध कारखान्यांत आमचं आजचं बरंचसं काम याच जातीचं असतं. मूळ औषध जुनंच, पण त्यात अशुद्धी किती चालेल? कालच्या बॅचचा अंश यंत्राला राहिला आणि आज त्याच यंत्रावर दुसऱ्याच रोगाची गोळी बनवली, तर किती मायक्रोग्रॅमपर्यंत ठीक? २०१८ मध्ये रक्तदाबाच्या व्हॅल्सार्टनमध्ये एनडीएमए सापडलं. कोणी मुद्दाम घातलं नव्हतं. कच्चा माल बनवायची रीत बदलली आणि नव्या रसायनांतून ते आपोआप तयार झालं. कर्करोग करणारा पदार्थ, त्याची मर्यादा दिवसाला ९६ नॅनोग्रॅम. ग्रॅमचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोग्रॅम. आयुष्यभर रोज एवढं पोटात गेलं तर लाखात एकाला जादा धोका, असा तो हिशेब आहे. त्या बातम्या ऐकून माझ्या सासूबाईंनी गोळी बंद केली होती आणि चार दिवसांत त्यांचा रक्तदाब १८० वर गेला. तो धोका लाखात एकाचा नव्हता.

आणि शेवटचं कारण निव्वळ गणिताचं. औषध मंजूर होईपर्यंत बहुधा काही हजार माणसांनी घेतलेलं असतं. तीन हजार जणांत एखादा दुष्परिणाम एकदाही दिसला नाही, तर तो हजारात एकापेक्षा विरळ असावा, एवढंच खात्रीने म्हणता येतं. दहा हजारांत एकाला होणारा तो बाजारात आल्यावरच दिसणार. म्हणून औषध घेऊन अंगावर पुरळ उठलं, डोळे पिवळे झाले, काहीही विचित्र झालं, तर ते कळवायची सोय आहे: १८००-१८०-३०२४, फुकट नंबर. गाझियाबादहून चालणाऱ्या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाचा. डॉक्टरनेच कळवावं असं नाही, तुम्हीही कळवू शकता.

घरातलं एक सांगते, कारण शेजारच्या इमारतीत हे परवाच होता होता राहिलं. पॅरासिटामॉलचे लहान बाळांचे थेंब येतात, त्यात एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम. आणि सिरप येतं, त्यात पाच मिलिलिटरला १२५ किंवा २५०. दहा किलोच्या बाळाला एका वेळी साधारण १५० मिलिग्रॅम. आजीने थेंबांची बाटली घेतली आणि सिरपचं माप लावलं, पाच मिलिलिटर. झाले ५००, तिप्पटीहून जास्त. वर सर्दीच्या दुसऱ्या सिरपमध्येही पॅरासिटामॉल असतंच. आईने वेळेवर बाटली हिसकावली म्हणून बरं. प्रयोगशाळेत कोट्यवधी रुपये खर्चून मोजलेलं अंतर असं एका चमच्यात संपतं. पाकिटावर त्रिकोण का नाही, याचं उत्तर हेच. रंग लावला असता तर याच गोळीला निळा मिळाला असता आणि आजी निर्धास्त झाली असती. वरचा बारीक मजकूर वाचायला चष्मा लावा आणि बाटलीसोबत आलेलंच माप वापरा.

मुलीचं म्हणाल, तर बी. फार्म.नंतर नायपरची, म्हणजे औषधशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थांची, प्रवेश परीक्षा द्यावी, तिथे फार्माकॉलॉजी आणि टॉक्सिकॉलॉजी हा विषय घेता येतो. पशुवैद्यक शाखेची मुलं पॅथॉलॉजीकडे जातात, फार्मसीची अभ्यास आखणीकडे आणि कागदपत्रांकडे, दोन्हीकडे काम आहे. आता पेशी आणि चिपवर बसवलेले अवयव येत आहेत, आपल्याकडेही २०२३ मध्ये नियमांत प्राण्यांशिवायच्या पद्धतींना जागा मिळाली. पण अजून काही वर्षं तरी जनावरांना पर्याय नाही. म्हणून फॉर्म भरण्याआधी तिला एकदा कॉलेजच्या प्राणिगृहात पाठवा आणि रॅट हातात धरायला सांगा. अंगठा आणि तर्जनी खांद्यांच्या मागून, घट्ट नाही, सैलही नाही. तो शांत बसला तर उरलेलं शिकता येईल. चावला तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. मी तिसऱ्या दिवशी गेले होते.